मुद्दा कुठे निसटला ते बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तर्कदोषांची यादी पाठ झाली, आता वादात कोणी घसरलं की लगेच ओळखता येतं, असं तू लिहिलंस. वाचून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. दोषाचं नाव सांगता येणं वेगळं आणि युक्तिवाद नेमका कुठे ढासळला हे दिसणं वेगळं. नाव ऐकून समोरचा गप्प बसेलही, पण पटलेलं त्याला काहीच नसेल. म्हणून काही दिवस यादी बाजूला ठेव आणि एकच सवय लावून घे. कोणी काही ठासून सांगितलं की त्याचा दावा मनात एका वाक्यात मांडायचा, त्याने दिलेलं कारण त्याच्या शेजारी ठेवायचं आणि विचारायचं: हे कारण शंभर टक्के खरं धरलं, तरी एवढ्यावरून हा दावा सिद्ध होतो का?

घरातला साधा संवाद घे. बहीण म्हणते, "जेवताना सगळ्यांनी फोन बाजूला ठेवू या." भाऊ म्हणतो, "म्हणजे आता जगाशी संबंधच तोडायचा का?" बहीण म्हणते, "तसं कुठे म्हटलं मी?" त्यावर भाऊ, "आणि काल रात्री दोन वाजेपर्यंत फोन कोणाच्या हातात होता?" झालं! आता ती कालच्या रात्रीची कारणं देत बसते, आवाज चढतात, आणि जेवताना फोन नको ही सूचना चांगली की वाईट, यावर कोणी एक शब्दही बोललेलं नसतं. भावाने आधी तिच्या म्हणण्याचा विपर्यास केला, कारण विपर्यस्त सूचना खोडून काढायला सोपी. ते जमेना तेव्हा तिच्या वागण्याकडे बोट दाखवलं. ती स्वतः नियम पाळत नसेल, पण त्याने नियम चुकीचा ठरत नाही. तिने एवढंच म्हणायला हवं होतं, "काल माझं चुकलं, त्यावर नंतर बोलू. पण जेवताना फोन नको, याला तुझी हरकत काय?"

पाठांतर दगा देतं ते इथेच. माणसाविषयी बोललं की तर्कदोष झालाच, असं मुळीच नाही. कोणी नुसतं 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणत असेल, तर त्याचा यात स्वार्थ काय, आधी तो खरं बोलला होता का, हे विचारणं रास्तच आहे. त्याने पुरावा समोर ठेवला असेल, तर मात्र पुरावा तपासायचा. तो कोण, कुठला, हे सोडून द्यायचं. तज्ज्ञांचा हवाला देणंही सरसकट चूक नाही. स्वतःच्या विषयात, तेही त्या क्षेत्रातल्या बहुतेक जाणकारांचं एकमत असताना, तज्ज्ञाच्या शब्दाला वजन असतं. विषय बदलला की ते वजन सोबत येत नाही.

सगळ्यात जपून राहायचं ते स्वतःच्या अनुभवातून निघणाऱ्या चुकीपासून. डॅनियल कानमन हे मानसशास्त्रज्ञ (2002 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस चांगला शिकतो, असं त्यांनी सांगितलं. एका अनुभवी प्रशिक्षकाने ठाम विरोध केला: विमानाच्या छान कसरतीबद्दल शिकाऊ वैमानिकाचं कौतुक केलं की त्याची पुढची कसरत बिघडते, आणि वाईट कसरतीवर ओरडलं की पुढची सुधारते. त्याचं निरीक्षण खरं होतं, पण निष्कर्ष चुकीचा होता. अगदी उत्तम कामगिरीनंतरची बहुधा सरासरीकडे खाली येते आणि अगदी वाईटनंतरची वर जाते, मग तुम्ही ओरडा नाहीतर गप्प राहा. कानमननी तिथल्या तिथे सगळ्यांना पाठमोरं उभं करून मागच्या लक्ष्यावर दोनदा नाणं फेकायला लावलं. ज्यांची पहिली फेक उत्तम होती, त्यांच्यातले बहुतेक दुसऱ्यांदा घसरले. ज्यांची वाईट होती, ते बहुतेक सुधारले. तिथे ना कोणाचं कौतुक झालं होतं, ना कोणी ओरडा खाल्ला होता. विचार कर, आपल्याकडे किती आईवडील, किती शिक्षक 'रागावल्यावरच सुधारतो' असं मनापासून मानतात आणि पोरांना ते सोसावं लागतं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे फांदीच्या बाबतीत आपल्याला कळतं. स्वतःच्या अनुभवाच्या बाबतीत ते ध्यानातच येत नाही.

बाकीचे दोष तुला सहज दिसतील. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांचा समूह तसा नसतो. 'आमच्या बाजूने नाही, म्हणजे विरोधात' असं कोणी म्हणालं, की तिसरी वाट शोध. 'आज एवढी सूट दिली तर उद्या सगळंच हाताबाहेर जाईल' हे प्रत्येक वेळी खोटं नसतं, पण मधली प्रत्येक पायरी का घडेल, हे म्हणणाऱ्याने सांगायला हवं.

न्यायसूत्रं या आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्राच्या ग्रंथात हेत्वाभासांचे, म्हणजे कारणासारख्या दिसणाऱ्या पण कारण नसलेल्या गोष्टींचे, पाच प्रकार दिले आहेत. त्याच ग्रंथात चर्चेचेही तीन प्रकार आहेत: सत्य जाणण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडून काढणं ती वितंडा. दोष ओळखायला शिकलेला हुशार तरुण माणूस पाहता पाहता वितंडेकडे वळतो. तुझं तसं होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

आता तू सांगितलेल्या त्या भांडणाबद्दल. समोरच्याने 'सगळे हेच म्हणतात' एवढंच कारण दिलं, म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरलं, असा निष्कर्ष तू काढलास. तो निघत नाही. कारण लंगडं होतं, एवढंच सिद्ध झालं. म्हणणं अजूनही खरं असू शकतं. त्याच्या बाजूने याहून भक्कम कारण देता येईल का, ते आधी तूच शोध. सापडलं, तर उत्तर त्या कारणाला दे. नाही सापडलं, तर त्यालाच विचार, आणि उत्तर द्यायला त्याला पुरेसा वेळ दे.