मोडी येत नाही, इतिहासात एम.ए. जमेल का?

पदवीचे निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न माझ्याकडे येतोच. 'मध्ययुगीन इतिहासात एम.ए. करायचंय, पण पदवीला इतिहास नव्हता. जुने मराठी कागद ज्या लिपीत असतात ती मोडी येत नाही, फारसी येत नाही. प्रवेश मिळेल का, मार्क कशावर मिळतात, आणि पुढे काय?' २०२३ च्या जूनमध्ये सांगलीतली एक मुलगी हेच विचारायला आली होती. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव बदललंय, तिला श्रुती म्हणू.

श्रुती बी.कॉम. झाली होती, ६८ टक्के. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर दिवाणजी. ते सोबत आले होते, पण बोलत नव्हते. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते. श्रुतीने मोबाइलवर इंग्लंडमधल्या एका कोर्सची माहिती दाखवली, एक वर्षाची 'मेडिव्हल स्टडीज'मधली एम.ए. तिथे ७० मार्कांना डिस्टिंक्शन असते हे वाचून तिला वाटत होतं की आपण त्या जवळपास आहोतच.

आधी हा गुंता सोडवणं भाग होतं. यॉर्क, लीड्स अशा ठिकाणी हा विषय फार चांगला शिकवतात. तिथली मास्टर्स साधारण १८० क्रेडिटची असते, त्यातली बहुधा ६० एकट्या प्रबंधाची. पास व्हायला ५० लागतात, आणि ७० म्हणजे खरोखरच उत्तम काम. आपले ६८ आणि तिथले ६८ एका मापाने मोजता येत नाहीत. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्यांचं मध्ययुग म्हणजे ढोबळमानाने पाचव्या ते पंधराव्या शतकातला युरोप. शिकायची ती लॅटिन, जुनी इंग्रजी आणि तिकडच्या हस्तलिखितांची अक्षरं. मी श्रुतीला विचारलं, "तुला वाचायचंय काय?" ती म्हणाली, "मिरज. आदिलशाही, मग पटवर्धन सरदार. आमच्या इथलं."

मग लॅटिन कशाला? कर्ज काढून परगावी जायचं, तर निदान आपल्याला हव्या त्या कागदांच्या दिशेने तरी जावं. दिवाणजींनी तेव्हा पहिल्यांदा पिशवीवरचा हात काढला.

आता आपल्याकडचं. राज्यातल्या विद्यापीठांत २०२३ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना नवा साचा आला. दोन वर्षं, चार सत्रं, प्रत्येकी २२ क्रेडिट, एकूण ८८. साधारणपणे एका क्रेडिटला २५ मार्क, म्हणजे सगळे मिळून २२००. वाणिज्याच्या मुलीला हे सांगायला मजा येते. तिने लगेच कागद ओढला आणि मी सांगत गेले तसं मांडत गेली. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, ४ क्रेडिट. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रप्रकल्प, ४. तिसऱ्यात संशोधन प्रकल्प, ४. चौथ्यात तोच पुढे, ६. बेरीज १८ क्रेडिट, म्हणजे ४५० मार्क. एकूण मार्कांचा पाचवा हिस्सा, वर थोडे.

बाकीचे मार्क लेखी परीक्षेचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे सेमिनार, गृहपाठ, चाचणी. लेखी आणि अंतर्गत यांची वाटणी विद्यापीठागणिक वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी दोन्हींत स्वतंत्र पास व्हावं लागतं. हे ज्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. पदवीचा विषय वेगळा असला तरी बऱ्याच विद्यापीठांत इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो. तीही अट तिथेच वाचावी, मैत्रिणीच्या सांगण्यावर राहू नये. आणि मोडी किंवा फारसी येते का, हे प्रवेशाच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही.

विचारत नाहीत, म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतं. श्रुतीच्या आधी काही वर्षं सातारा जिल्ह्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. हुशार, वाचन दांडगं. मी त्याला म्हटलं होतं, प्रवेश घेऊन टाक, लिपी पुढे शिकता येईल. त्याने विषय घेतला आदिलशाहीतल्या वतनांचा. शेवटच्या सत्रात कागद समोर आले, ते फारसीत. काही फर्मानं फारसी आणि मराठी अशी दुभाषी असतात खरी, पण मराठी मजकूरही मोडीतच. दोन महिने उरले असताना त्याने विषय बदलला आणि छापील पुस्तकांवरून प्रबंध उरकला. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, 'मूळ कागद कुठला पाहिलात?' मार्क गेलेच, पण तो या विषयातूनच उठला, त्याचं मला जास्त लागलं. चूक माझ्या सल्ल्याची होती. त्यानंतर मी स्वतः मोडीच्या एका वर्गाला जाऊन बसले.

त्या वर्गातल्या सरावाच्या झेरॉक्स माझ्या खणात असतात. त्यातलं एक पान मी श्रुतीपुढे ठेवलं. जमाखर्चाचं पान होतं. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. नवख्याला ते सुताच्या गुंत्यासारखं दिसतं. श्रुतीचा चेहरा पडला. "यातलं एक अक्षर कळत नाही मॅडम."

तेवढ्यात दिवाणजी पुढे वाकले. उजवीकडच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पावणेतेरा की ओ."

आकडा होता १२॥।. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पेढीवर ते लागले तेव्हा थोरल्या दिवाणजींच्या जुन्या वह्या मोडीत होत्या. त्या चाळताना आकडे, 'जमा', 'बाकी' एवढं डोळ्यांत बसलं होतं. लेकीने वडिलांकडे असं पाहिलं, जणू हा माणूस तिला आजच भेटत होता.

मग पानाच्या वरची ओळ मी वाचून दाखवली : 'सन सबा सबैन मया व अलफ'. हा शुहूर सन, अरबी शब्दांतला आकडा. सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. श्रुतीने मांडलं, ११७७. हे वर्ष मृगाला, मे-जूनच्या सुमारास पालटतं. म्हणून इसवी सन काढताना जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. म्हणजे १७७६-७७. पेशवाईतला कागद.

मी तिला जे सांगितलं ते असं. मराठेशाहीच्या दप्तरांत लढायांची पत्रं आहेत तसे रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी, आणि ताळेबंदही भरपूर आहेत. ते वाचायला हिशेबाची नजर लागते, आणि ती बी.कॉम.ने तुला दिलीय. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातले कागद वाचून छापले, म्हणून आज आपण ते घरी बसून वाचतो. न वाचलेले कितीतरी अजून पडून आहेत. आदिलशाही आत्ता बाजूला ठेव. फारसीला किमान वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात, प्रकल्पाच्या घाईत ती येत नाही. विषय आवडीवरून ठरव, पण कागद आपल्याला वाचता येईल अशा बेताने. आणि मोडी प्रवेशाची वाट न पाहता याच महिन्यात सुरू कर. पुराभिलेख संचालनालयाचे दहा-दहा दिवसांचे वर्ग होतात, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही शिकवतं. दहा दिवसांत अक्षरओळख होते. हात आणि डोळा बसायला रोज एक पान, सहा महिने.

दिवाणजींचा प्रश्न शेवटी आलाच. "नोकरी?"

एम.ए. झालं की नोकरी, असं मी त्यांना म्हटलं नाही. प्राध्यापकीसाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०, आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. जागा थोड्या, वाट लांब. म्हणून ५५ ही रेघ पहिल्या सत्रापासून डोळ्यांसमोर ठेवायची. मोडी वाचणाऱ्याला काम मिळतं, पण महिन्याच्या पगारासारखं नाही, एवढंच मला सांगता आलं. त्याच वर्षी सप्टेंबरनंतर कुणबी नोंदी शोधायला सरकारी दप्तरं उघडली आणि मोडी वाचक शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत धावपळ झाली. जूनमध्ये ते मला ठाऊक असतं तर दिवाणजी जरा हलक्या मनाने घरी गेले असते.

श्रुतीने इकडेच एम.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात तिला जेमतेम ५३ टक्के पडले. रडत आली. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स पाहिली, तर दीर्घोत्तरी प्रश्नाला दीड पान, मुद्दे एकाखाली एक, ताळेबंदासारखे. मध्ययुगीन जमीनमहसुलावर लिहिताना कोणी काय मांडलं, त्यात मतभेद कुठे, पुरावा कोणता, हे वाक्यांत गुंफावं लागतं. ती सवय लागायला तिला वर्ष गेलं. दुसऱ्या सत्रात ५८ झाले.

प्रकल्पाला तिने मिरजेतल्या एका घराण्याकडची देवस्थानखर्चाची मोडी पानं घेतली, मालकांच्या परवानगीने. चौथ्या सत्रात, प्रकल्प द्यायला आठवडा असताना तिचा रात्री फोन आला. एका पानाची बेरीज मूळ कागदातल्या बेरजेशी जुळत नव्हती, चार आण्यांचा फरक. मी म्हटलं, कारकुनाचीही चूक असू शकते, तशी तळटीप दे. तिने दिली नाही. दिवाणजी पेढीवरून आले, जेवण बाजूला सारून बसले आणि पेढीवरच्या एका जुन्या हिशेबपट्टीच्या कोऱ्या बाजूवर सगळे आकडे पुन्हा मांडून काढले. तेल-वातीच्या नोंदीत तिने अर्धा वाचला होता तिथे पाऊण होता. तिसरी रेघ कागदाच्या घडीत गेली होती.