जबड्याच्या ऑपरेशननंतर खेळाडूला सावरायचंय, तर शिकायचं काय?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, कबड्डी खेळते. गेल्या वर्षी चढाईत धडक बसून जबडा मोडला, प्लेट बसवली. आता ती पुन्हा खेळते आणि म्हणते, अशा खेळाडूंना सावरण्याचंच काम करायचं. डेंटलला घालू का? – एक पालक, सांगली

नमस्कार. जबडा म्हटलं की डेंटल, एवढ्यावरून ठरवू नका. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीची इंटर्नशिपसह पाच वर्षं, मग ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत, एमडीएस या पदव्युत्तर पदवीची तीन. टायटॅनियमच्या प्लेटा बसवणारे सर्जन या वाटेनं घडतात. तिला शस्त्रक्रियेचीच ओढ असेल तर जरूर जावं. पण तिचं मन ऑपरेशननंतरच्या महिन्यांत गुंतलेलं दिसतं, आणि ते काम मुख्यतः फिजिओथेरपिस्टचं.

ते महिने तुम्ही घरात पाहिलेत. दात तारेनं बांधले असतील तर सगळं पातळ खाणं. वजन आणि स्नायू दोन्ही उतरतात. तारा सुटल्या तरी तोंड पुरतं उघडत नाही. साधारण 40 मिलिमीटरपर्यंतची उघडझाप व्यायामानं परत मिळवावी लागते. कानाजवळच्या सांध्यापाशी मोडलं असेल आणि हालचाल वेळेत सुरू झाली नाही, तर सांधा कायमचा जखडू शकतो. जबड्याला धक्का न लागू देता पायांची ताकदही राखायची. चढाईपटूला तर एका दमात ‘कबड्डी’ स्पष्ट म्हणावं लागतं, म्हणून दातांच्या मापाचा माउथगार्ड बनवून घेताना त्यात बोलता येतं का, हे पाहणारं माणूस हवं. तुमच्या मुलीला हे सांगावं लागणार नाही, ही तिची फार मोठी जमेची बाजू.

2002 मध्ये अँटिग्वात अनिल कुंबळेनं मोडक्या जबड्याला पट्टी बांधून वेस्ट इंडिजच्या ब्रायन लाराला बाद केलं, ते सर्वांना आठवतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या हेडिंग्ले कसोटीच्या विजयात तो गोलंदाजी करत होता. मधल्या काळाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तिला काम करायचंय ते त्या काळात.

त्यासाठी बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिपसह साधारण पाच वर्षं. मग स्पोर्ट्स फिजिओथेरपीत दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण. महाराष्ट्रात प्रवेश नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेवर होतो, तेव्हा बारावीला बायोलॉजी आहे ना, ते आधी पाहा.

एक मात्र तिला स्पष्ट सांगा: निव्वळ जबड्याच्या पेशंटवर प्रॅक्टिस चालत नाही. बहुतेक दिवस गुडघे, घोटे आणि खांद्यांतच जातील. ओळखीच्या फिजिओंना विचारून सुट्टीत तिला काही दिवस क्लिनिकमध्ये बसू द्या. गुडघ्याच्या पेशंटपाशीही तिचं मन रमलं, तर नीटचा फॉर्म भरा.