मनोरुग्णालयात दाखल करताना

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सोडल्यापासून तो रात्र रात्र जागतो, जेवणात विष घातलंय म्हणून ताट ढकलतो. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यायचं तर कोर्टाचा आदेश लागतो, असं गावात सांगतात. खरं का?
– एक बहीण, सिंधुदुर्ग

उत्तर : नाही, ताई. ती समजूत १९८७च्या जुन्या कायद्याच्या काळातली. घरच्यांनी आणलेल्या रुग्णासाठी आता कोर्टात जावं लागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे भाऊ स्वतः राजी असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो. नसेल, तर त्याचा प्रतिनिधी म्हणून तुम्ही अर्ज करायचा. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक त्याला वेगवेगळे तपासतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका आहे, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असं दोघांनाही आढळलं तरच दाखल करतात, तेही जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी.

प्रतिनिधी कोण, हे भाऊ बरा असताना त्याच्याकडूनच साध्या कागदावर लिहून घ्यावं. सही किंवा अंगठा पुरतो. ते राहून गेलं असेल तरी नातेवाईक म्हणून तुम्हाला अर्ज करता येतो.

जाताना दोघांची ओळखपत्रं, जुने केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा न्या. औषधाचं नाव आठवत नसलं की उपचार पुन्हा पहिल्यापासून चाचपावे लागतात. झोप कधीपासून गेली, शेवटची गोळी कधी घेतली, फिट आली होती का, हे लिहून ठेवा. दारू पीत असेल तर शेवटची कधी प्यायला तेही सांगा, कारण ती अचानक तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. अंगात ताप असेल आणि बरळणं अचानक सुरू झालं असेल, तर आधी जवळच्या सरकारी रुग्णालयातच न्या. तो मेंदूज्वरही असू शकतो.

आणि एक कळकळीने सांगतो, जेवणातून चोरून गोळी देऊ नका. चव लागली की विषाचा त्याचा संशय खरा ठरतो, मग तो तुमच्या हातचं पाणीही घेणार नाही. गोळी नकोच म्हणत असेल, तर दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. तोवर घरी काय करावं हे सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : रुग्णालयातून घरी आणलं की दोन महिन्यांत पुन्हा तेच. असं का?
– एक वडील, ठाणे

उत्तर : बहुतेक वेळा औषध संपतं आणि ‘आता बरा दिसतोय’ म्हणून पुढचं आणलं जात नाही. रुग्णालयातून घरी सोडतात त्याच दिवशी पुढची तारीख कागदावर घ्या, आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी निघा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात हेच औषध मिळतं का, हेही तिथेच विचारा. मिळालं तर मनोरुग्णालयापर्यंतची दर महिन्याची खेप वाचेल.

प्रश्न : स्किझोफ्रेनियासाठी ‘निरामय’ विमा मिळतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र मात्र मिळतं. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणीत स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि काम या चार गोष्टी पाहतात, म्हणून रोज सोबत राहणाऱ्यानेच बरोबर जावं.