गुरूंचं नाव आणि कानाची पाळी

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस, आजीच्या गाण्याच्या बाई त्यांच्या गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात का लावतात? आणि तूही पियानोच्या बाईंसाठी तसं करायचं का?

आपल्याकडे थोरामोठ्यांचं नाव उगाच घेत नाहीत. गुरूंचं घ्यावंच लागलं, तर कान धरून आधी क्षमा मागायची. गाणं गुरूंसमोर बसून कानांनीच घेतलेलं असतं, म्हणूनही मला ही रीत फार आवडते.

इथे जर्मनीत, बॉनमध्ये म्युन्स्टरप्लाट्झ चौकात थोर संगीतकार बीथोव्हेनचा पुतळा तू कितीदा पाहिलास. त्याला शिकवणाऱ्या क्रिस्टियान गॉटलोप नेफेंची आठवण मात्र फार थोडे काढतात. १७४८ साली केम्निट्झमध्ये एका शिंप्याच्या घरी ते जन्मले. पुढे लाइपझिगला कायदा शिकले, पण मन संगीतात. लहानपणी त्यांनी संगीतकार कार्ल फिलिप इमान्युएल बाखच्या पुस्तकावरून वाजवण्याचा अभ्यास केला होता, आणि १७७३ मध्ये आपले बारा सोनाटे, म्हणजे पियानोसारख्या वाद्यासाठीच्या रचना, त्याच बाखना अर्पण केले. एकलव्यासारखंच नाही का हे?

१७७९ मध्ये ते बॉनला आले, पुढे दरबारी ऑर्गनवादक झाले. छोट्या बीथोव्हेनपुढे त्यांनी काय ठेवलं? थोरल्या बाखचे, म्हणजे त्या बाखच्या वडिलांचे, अठ्ठेचाळीस प्रील्यूड आणि फ्यूग. प्रील्यूड म्हणजे आधी वाजवायचा तुकडा, आणि फ्यूग म्हणजे एकच धून पाठोपाठ गुंफत नेलेली रचना. ते तेव्हा छापलेलेही नव्हते, हातानं उतरवलेल्या प्रती फिरत. इतकं अवघड संगीत एवढ्याशा पोराला द्यायला केवढा विश्वास लागतो! त्याची पहिली रचना छापून आणायलाही त्यांनीच मदत केली. १७८३ मध्ये तर त्यांनी एका मासिकात जाहीर लिहिलं की हा मुलगा असाच पुढे गेला तर दुसरा मोझार्ट होईल.

१७८४ मध्ये दरबारात नवा सत्ताधीश आला. नेफेंचा पगार कापला गेला आणि त्यांच्या शिष्याला मदतनीस म्हणून पगार सुरू झाला. पुढे फ्रेंच फौजा आल्या, दरबारच मोडला. १७९८ मध्ये डेसाऊला नेफे वारले.

व्हिएन्नाला गेल्यावर बीथोव्हेननं त्यांना कळवलं होतं, मी कधी मोठा झालो तर त्यात तुमचाही वाटा असेल. माझ्या मते हे कान धरणंच आहे.

तेव्हा हो, तूही धर. परत आलीस की बाईंना त्याचा अर्थही सांग, त्यांना आवडेल. मी नेफेंच्या सोनाट्यांची पानं शोधून ठेवते.

तुझी,
आई