“स्वतःला आहे तशी स्वीकारलं, तर अंगानं आणखी सुटेन ना?”

लातूरच्या एका तरुणीनं सल्ल्यासाठी आल्यावर पहिल्याच भेटीत मला हे विचारलं. वय 28, नोकरी चांगली, आणि तीन स्थळांकडून एकच निरोप : “मुलगी अंगानं भारी आहे.” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो. भाकरी बंद. रात्री घर झोपलं की स्वयंपाकघरात उभ्यानंच उरलेला भात, फरसाण, शेंगदाण्याचे लाडू. मग रडणं, आणि सकाळी पुन्हा वजनकाटा. “माझं मनच कच्चं आहे, मॅडम.”

मी तिला अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात सतत अन्नच घोळायला लागलं, काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ते काय सगळे कच्च्या मनाचे होते? उपाशी शरीर अन्न मागणारच.

मग तिच्या प्रश्नाकडे आलो. तिची तीन वर्षांची भाची गुटगुटीत आहे. “तिच्या अंगाचा राग येतो?” “छे!” “मग तिला दिवसभर फरसाण देता?” “कसं देईन? उलट किती जपते मी तिला.” एवढं बोलून ती बराच वेळ गप्प बसली.

काटा माळ्यावर गेला, पण त्याला दोन आठवडे लागले. डब्यात भाकरी, वरण, पालेभाजी परत आली. रक्त तपासायला मी आग्रहानं पाठवलं. हिमोग्लोबिन 9.8 निघालं, बाईचं किमान 12 हवं. जो थकवा ती वजनाच्या माथी मारत होती, त्याचं एक कारण हे होतं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. उन्हं चढायच्या आत काकूसोबत चालणं सुरू झालं.

सगळ्यात अवघड गेला तो कुर्ता. ‘बारीक झाल्यावर घेईन’ म्हणत दोन वर्षं ती दंडात काचणारे कपडे घालत होती. आताच्या मापाचा शिवून घ्यायला सांगितलं, तर टेप लावताना टेलरकडेच रडली. पण घातला. म्हणाली, “हात वर करता येतो हो!”

मध्ये एका नकारानंतर रात्रीचं खाणं आठवडाभर परतलं. दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही, एवढंच आम्ही पाळलं.

तिची आई मला विचारायची, “किती किलो उतरली?” मी कधी मोजलं नाही. पुढचं स्थळ आलं तेव्हा तिनं पोहे सगळ्यांना दिले, एक बशी स्वतःला वाढली आणि पाहुण्यांसमोर बसून खाल्ली.