मपला जीव कुठं कुठं ठेवावा

गोदाकाठच्या माझ्या कादंबरीचं आठवं प्रकरण आल्यापासून पत्रं एकाच गोष्टीवर येताहेत: त्या जगात माणसाचा जीव चालतो तरी कसा? प्रकरण हुकलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. जनाई वारते. पैठणच्या घाटावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही. त्याच वेळी घरी तिचं जातं कुणी हात न लावता अर्धा फेरा फिरतं, आणि नात रेणू आजीच्या बोलीत बोलू लागते.

आत्मा अखंड आहे, शस्त्रानं तुटत नाही, असं गीता सांगते. तुम्ही त्याचे वाटे कसे केलेत? (निवृत्त शिक्षक, जालना)

गुरुजी, ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’ मलाही पाठ आहे आणि त्याच्याशी माझा वाद नाही. पण माझी आजी उभ्या जन्मात आत्मा हा शब्द बोलली नाही. ती जीव म्हणायची. तिचा जीव गाईला लागायचा, लेकराला ताप आला की टांगणीला लागायचा, आजोबा बाजारातून परतले की जीवात जीव यायचा. लहानपणी मला वाटायचं, हे सगळं खरोखर घडतं. जीव उचलून दुसरीकडे ठेवता येतो. कादंबरीतला नियम तिथूनच आला. आत्मा अखंडच राहतो. जीव मात्र जिथं लावाल तिथं तेवढा राहतो, आणि तेवढा आपल्यातून कमी होतो.

महाभारतात यम सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष पाश टाकून ओढून काढतो. माझ्या जगातही त्याच्या हाती तेवढंच लागतं. उरलेलं जात्यात, बैलात, उंबऱ्यात राहून जातं, आणि ते मोकळं झाल्याशिवाय अंगठ्याएवढ्यालाही पुढची वाट दिसत नाही. म्हणून माझ्याकडे भूत वाईट नसतं. ते आपलं ठेवलेलं न्यायला आलेलं असतं.

जायकवाडी धरणाचं लोकार्पण १९७६ साली झालं. आजीचं माहेर त्याच्या जलाशयाच्या, नाथसागराच्या पोटात गेलं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की ती काठावर जाऊन बसायची. चल म्हटलं तर म्हणायची, “तिथं मपला जीव हाय.” मपला म्हणजे आपला, माझा. मी तेव्हा पाण्याकडे बघत राहायचे. कुठं ठेवला असेल, विहिरीपाशी की चुलीपाशी?

ताई, रेणू आजीसारखं ‘का’ऐवजी “कामून” म्हणते, पण सायकल कशी विसरत नाही? (विद्यार्थिनी, परभणी)

बाळा, नेमकं विचारलंस. श्रावणात आमच्याकडे नवनाथांच्या पोथीचं पारायण असायचं. मच्छिंद्रनाथ मेलेल्या राजाच्या देहात शिरतात आणि स्वतःचा देह गोरक्षाच्या राखणीत ठेवतात. मला तेव्हापासून प्रश्न होता की राजाच्या हाताला तलवार धरायची सवय असेल, ती नाथांना आयती मिळाली का?

मी असं ठरवलं: शिकलेलं देहात राहतं, ओढ जीवाबरोबर जाते. सायकल रेणूच्या पायांना येते, म्हणून ती पडत नाही. पण शाळेच्या वाटेवर ती गोठ्यापाशी उतरते, कारण ढवळ्या बैलाला चारा घातल्याशिवाय जनाईचा जीव पुढं सरकत नाही. आणि बोली? ती जनाई कुठं शिकली नव्हती. अंगावर पिताना आलेली बोली ओढीतच मोडते. मग त्याच प्रकरणात रेणूचा तेराचा पाढा चुकतो, ते माझ्याच नियमाला सोडून झालं. पाढा शिकलेला आहे, तो चुकायला नको होता. पुस्तक करताना दुरुस्त करीन.

दसरा झाला की आई-बाप मला आजीपाशी ठेवून ऊसतोडीला जायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला आई परतायची तेव्हा तिच्यात जीव नसल्यासारखी दिसायची. तुमच्या नियमानं तिचा जीव माझ्यापाशी होता. मग तिनं फड कशावर तोडला? (बीड जिल्हा)

दादा, तुमचं पत्र आठ दिवस माझ्या उशाशी आहे. माझ्या नियमात या प्रश्नाला जागाच नव्हती. जीव लावणारा कमी होतो एवढं लिहून मी मोकळी झाले होते. कमी झालेल्या माणसानं पहाटे थंडीत उठून मोळ्या कशा उचलायच्या, हे मी पाहिलंच नव्हतं.

तुम्हाला ठाऊक आहे, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते. बरेच दिवस मी यावर विचार केला, आणि आता त्या जगात असं होईल: दोघांचा जीव घरी लेकरापाशी राहिला तर फडात दोघं मिळून एका जिवावर चालतात. तो तोडतो तेव्हा जीव त्याच्याकडे, ती मोळी डोक्यावर घेते तेव्हा तिच्याकडे. रात्री कोपीत, त्यांच्या झोपडीत, दोघं निजतात तेव्हा तो मधे पडून असतो, कुणाचाच नसल्यासारखा. दहावं प्रकरण मी याच कोपीपासून सुरू करते आहे.

आणखी एक ठरवलं आहे. त्या जगातही उचल असेल, वही असेल, फिटता न फिटणारं देणं असेल. पण जीव तारण ठेवता येणार नाही. कथेला कितीही सोयीचं झालं तरी हे मी होऊ देणार नाही.

तुमच्या आईनं जाताना तुमचं काही बरोबर नेलं होतं का? सदरा, पाटीचा तुकडा, काहीही. आठवलं तर कळवा. ते मला त्या कोपीत ठेवायचं आहे.

जनाईच्या पिंडाला कावळा शिवणार की नाही? (बऱ्याच जणांनी विचारलं आहे)

शिवेल. दर्भाचा कावळा करून उरकून घ्या, असं घाटावर सगळे म्हणतील. जनाईचा लेक तयारही होईल. मग रेणू पुढं येऊन पिंडाकडे बघत एवढंच म्हणेल, “ढवळ्याला बाजारात नेणार नाही.”