जुनी मोठी लक्झरी सेडान घेतलीस? आधी एवढं बघ

अभिनंदन रे, गाडी झकास आहे! पण लगेच अलॉय व्हील्स (स्टायलिश चाकं) आणि म्युझिक सिस्टीमच्या मागे लागू नकोस, नवे लोक हमखास तिथेच पैसे उडवतात. आधी इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदल, मागचा मालक काहीही सांगो.

- टायरची नक्षी बघून फसू नकोस, बाजूचे चार आकडे वाच, 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलाय.
- एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारं) असेल तर रात्री सपाट जागी लाव, सकाळी एखादा कोपरा बसलेला दिसला तर गळती आहे, तशीच चालवलीस तर कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) सारखा चालून चालून जळतो, मग गळका फुगा आणि कॉम्प्रेसर दोन्ही बदलत बस (जुन्या मर्सिडीज एस-क्लासवाल्यांना हे पाठ असतं).
- डॅशबोर्डवर भलभलते एरर आले की सेन्सरआधी बॅटरी तपास.

गिअरबॉक्सचं नंतर विचार, आत्ता नको.